सेप्सिस : तासांचा आजार



पेण तालुक्यांतील डोलवी हें गांव अंबा नदीच्या कांठीं, धरमतरच्या खाडीजवळ वसलेलें आहे. वडखळच्या नाक्याकडून येणाऱ्या प्रवाशास आज तेथें प्रथम दिसतो तो पोलादाचा अवाढव्य कारखाना, त्याचीं धुराडीं आणि मालमोटारींची रांग. परंतु या देखाव्याच्या आड जुना मुलूख अद्याप शिल्लक आहे. भरतीचें खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून घातलेले मातीचे बांध, ओहोटीच्या वेळीं आंतलें पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाड्या, बांधाच्या अलीकडे भात आणि पलीकडे चिखल व खाजण, असा हा खारेपाटाचा मुलूख. येथील माणसाचें अर्धें आयुष्य अनवाणी पायांनीं पाण्यांत जातें. कालवाच्या शिंपल्याची धार, काट्याचें टोंक, कोयत्याचा ओझरता घाव, चिंबोरीची नांगी, नाहींतर कारखान्यांत लोखंडाची कपरी, यांपैकीं कांहीं ना कांहीं लागणें येथें इतकें नित्याचें आहे कीं, त्याची कोणी वाच्यताही करीत नाहीं. जखमेवर हळद दाबावयाची, फडकें गुंडाळावयाचें आणि कामास लागावयाचें. बहुतेक वेळां तेवढ्यानें भागतेंही.

ज्या वेळीं भागत नाहीं, त्या वेळेविषयीं आजचें हें भाषण आहे.

पंचावन्न वर्षांचा, मधुमेह असलेला एक शेतकरी डोळ्यांपुढें आणावा. त्याचें नांव कांहींही असो. असा माणूस खारेपाटांतील कोणत्याही गांवीं आढळेल. भाताच्या लावणीच्या दिवसांत त्याच्या तळपायांत शिंपल्याची कपरी शिरते. पहिल्या दिवशीं विशेष कांहीं नाहीं. दुसऱ्या दिवशीं पाय घोट्यापर्यंत सुजतो, तांबडा होतो. मुलगा त्यास पेणला नेऊन धनुर्वाताचें इंजेक्शन देववितो, आणि घर निश्चिंत होतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्यास हुडहुडी भरते. दुपारीं मात्र अंग गार लागतें. घाम आला, ताप उतरला, म्हणून समाधान वाटतें. तो पडूनच असतो. दोन दिवसांचा थकवा असेल. श्वास भराभर चालतो. पावसाची दमट हवा असेल. सकाळपासून लघवीस गेलेला नाहीं. पण पाणी तरी कोठें प्याला आहे? संध्याकाळीं तो सुनेस आपल्या बहिणीच्या नांवानें हांक मारतो, आणि उघाडी लावली का, उघाडी लावली का, असें पुन्हां पुन्हां विचारीत राहतो. म्हाताऱ्या माणसाचें असें होतेंच, असें शेजारी म्हणतात.

पाहावें, कीं प्रत्येक लक्षणाला घरांत एकेक स्वतंत्र आणि अगदीं पटण्याजोगें कारण मिळालें. गार अंगाला घाम, पडून राहण्याला थकवा, श्वासाला हवा, न झालेल्या लघवीला न प्यालेलें पाणी, असंबद्ध बोलण्याला उतारवय. कारणें पांच निघालीं, पण पांचांच्या मागें उभा असलेला आजार एकच होता. वैद्यकांत त्यास सेप्सिस म्हणतात.

हा शब्द ग्रीक भाषेंतला. त्याचा मूळ अर्थ कुजणें, सडणें. आपल्याकडे यालाच ‘रक्तांत विष भिनलें’ असें म्हणण्याची रीत आहे. ती अगदींच चूक नाहीं, पण तिच्यामुळें एक गैरसमज मात्र घट्ट झाला आहे. जणूं कांहीं विष बाहेरून येतें, रक्तांत पसरतें आणि माणसास मारतें. आणि औषधानें तें विष उतरविलें कीं काम झालें. प्रत्यक्षांत प्रकार निराळा आहे. २०१६ सालीं अनेक देशांतील तज्ज्ञांनीं या आजाराची जी व्याख्या ठरविली, तिचा आशय असा कीं, जंतुसंसर्गास तोंड देतांना शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकाराचा तोल सुटतो आणि त्यामुळें मूत्रपिंड, फुफ्फुस, मेंदू यांसारख्या अवयवांचें काम बिघडून जीव धोक्यांत येतो, या स्थितीस सेप्सिस म्हणावें. म्हणजे घाव घालणारा शत्रु बाहेरचा खरा. पण घर उद्ध्वस्त होतें तें घरच्याच शिपायांच्या धांवपळीनें.

ती धांवपळ कशी होते तें थोडें सावकाश पाहण्याजोगें आहे. जंतु शरीरांत शिरतांच रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांस ओळखतात आणि कांहीं रासायनिक संदेश सोडतात. त्या संदेशांनीं जखमेजवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंती किंचित् पाझरूं लागतात. त्यामुळें जास्त रक्त, जास्त पेशी आणि जास्त द्रव जखमेशीं पोहोंचतो. सूज, तांबडेपणा, उष्णता, ठणका हीं सारीं त्या कामाचींच चिन्हें. येथवर सगळें हिताचें आहे, आणि एरवीं दोन-चार दिवसांत तें आटोपतेंही. सेप्सिसमध्यें हा हुकूम जखमेपुरता राहत नाहीं. तो सर्व शरीरभर सुटतो. डोलवीच्या शेतकऱ्यास याचा अर्थ कळण्यास वैद्यकाचें पुस्तक नको. बांधाला एका जागीं खांड पडली तर गांव धांवून ती बुजवितें. परंतु एकाच रात्रीं पाटाचा सगळा बांध तळापासून पाझरूं लागला तर? पाटांतलें पाणी आटतें, आणि जेथें तें नको तेथें साचतें. रक्तवाहिन्यांचें तसेंच होतें. त्या रुंदावलेल्या, वर पाझरणाऱ्या. आंतलें पाणी मांसांत आणि फुफ्फुसांत उतरतें, वाहिन्यांत पुरेसें रक्त उरत नाहीं, आणि हृदय कितीही जोरानें उपसूं लागलें तरी रक्तदाब घसरत जातो. भरींत भर म्हणून बारीक वाहिन्यांतून रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्या होऊं लागतात. गुठळ्या होण्यास लागणारें द्रव्य त्यांतच खर्ची पडतें, म्हणून कांहीं रोग्यांस एकीकडे रक्त गोठतें आणि दुसरीकडे हिरड्यांतून वा सुई टोंचलेल्या जागेंतून रक्त वाहतें. मूत्रपिंडास रक्त कमी पडलें कीं लघवी थांबते. मेंदूस कमी पडलें कीं माणूस बरळतो. त्या शेतकऱ्याचें ‘उघाडी लावली का’ हें म्हातारपण नव्हतें. तें मेंदूचें ओरडणें होतें.

आणि खरी अडचण पुढेंच आहे. एकदां सुटलेला हा हुकूम, जंतु मेले म्हणून लागलाच परत घेतला जात नाहीं. म्हणून योग्य औषध दिलेलें असूनही, तें उशिरां दिलेलें असल्यास, रोगी हातचा जातो. सेप्सिसचें भय आहे तें या उशिराचें.

येथें त्या धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कारण शिकलेल्या घरांतूनही हा घोटाळा सर्रास होतो. धनुर्वात हा एका विशिष्ट जंतूच्या विषानें होणारा स्वतंत्र रोग आहे, आणि इंजेक्शन त्या एकट्याविरुद्ध आहे. तें घ्यावें, जरूर घ्यावें. पण जखमेंतून शिरणारे दुसरे शेंकडों जंतु त्याला भीक घालीत नाहींत. इंजेक्शन झालें म्हणून जखमेकडे पाठ फिरविणें म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचें दार उघडें टाकणें होय. शिवाय सेप्सिसला बाहेरून दिसणारी जखम लागतेच असें नाहीं. फुफ्फुसाचा दाह, मूत्रमार्गाचा दाह, पोटांत फुटलेलें आंत्रपुच्छ, बाळंतपणानंतर गर्भाशयांत झालेला संसर्ग, यांपैकीं कशांतूनही तो उद्भवूं शकतो. खारेपाटांत आणि साऱ्या कोंकणपट्टींत पावसाळ्यांत लेप्टोस्पायरोसिसची भर पडते. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रांतून हे जंतु पाण्यांत उतरतात आणि पायाच्या भेगांतून शरीरांत शिरतात. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्या पाण्यांतून चालत घरीं गेलेल्या माणसांत पुढच्या दिवसांत या रोगाची सांथ उसळली, हें पुष्कळांना आठवत असेल. पाण्यांत बुडून न मेलेलीं माणसें पाण्यांतल्या जंतूंनीं गेलीं.

लहानशा जखमेंतून मरण येतें कसें, याचा पहिला ठळक धडा जगाला व्हिएन्ना येथील एका प्रसूतिगृहांत मिळाला. तेथें इग्नाट्स सेमेलवाइस नांवाचा तरुण डॉक्टर काम करी. त्या इस्पितळांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. ज्यांत वैद्यकीय विद्यार्थी शिकत, त्यांत १८४६ सालीं शंभरांतील अकरांहून अधिक स्त्रिया सूतिकाज्वरानें मेल्या; ज्यांत सुइणी शिकत, त्यांत मृत्यु पुष्कळच कमी. कारण कोणास उमगेना. १८४७ च्या मार्च महिन्यांत त्याचा मित्र प्रोफेसर कोलेचका हा शवविच्छेदन चालूं असतां एका विद्यार्थ्याच्या सुरीचें टोंक बोटास लागून कांहीं दिवसांतच वारला. सेमेलवाइसनें त्याच्या शवाच्या तपासणीची हकीकत वाचली आणि तो दचकला. कारण बाळंतिणींच्या शवांत जें दिसे, तेंच येथेंही होतें. बोटाची जखम आणि प्रसूतीची जखम या दोन्ही दारांतून एकच चोर शिरत होता, आणि त्यास आंत नेणारे हात शवागारांतून सरळ बाळंतिणीच्या खाटेकडे येणाऱ्या डॉक्टरांचे होते. त्यानें विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्यास लाविलें, आणि १८४८ सालीं त्या विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सव्वापर्यंत खालीं आलें. या शोधाबद्दल त्याच्या हयातींत त्यास मान मिळाला नाहीं. उपहास मात्र भरपूर मिळाला. १३ ऑगस्ट १८६५ रोजीं तो एका वेड्यांच्या इस्पितळांत वारला, आणि तोही चिघळलेल्या जखमेनेंच. आदल्याच दिवशीं, १२ ऑगस्ट रोजीं, ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यानें पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडचें फडकें बांधलें होतें, आणि ती जखम चिघळली नाहीं. इतिहासांतले असे योगायोग वाचतांना मन अस्वस्थ होतें.

हात धुण्यानें आणि कार्बोलिकानें जंतूंचा शिरकाव कमी झाला. पण आंत शिरलेल्या जंतूंवर हत्यार नव्हतें. तें पेनिसिलिनच्या रूपानें पुढें आलें. १९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथें आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास तें देण्यांत आलें. त्याच्या चेहऱ्यावरची जखम चिघळून सर्वांगांत संसर्ग पसरला होता. चार-पांच दिवसांत त्याचा ताप उतरला, तो जेवूं लागला. परंतु औषधाचा सांठाच इतका थोडका, कीं त्याच्या मूत्रांतून गाळून परत मिळविलेलें पेनिसिलिनही पुरलें नाहीं. आणि मार्चमध्यें तो गेला. औषध होतें, वेळ होती, मात्रा कमी पडली.

आतां यापुढची गोष्ट महाराष्ट्रांतील आहे, आणि ती या सर्वांहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. कारण येथें औषध मुबलक होतें, स्वस्त होतें, आणि तरीही बालकें मरत होतीं.

व्हिएन्नांतल्या त्या प्रसूतिगृहांत मातांबरोबर कित्येक नवजात अर्भकेंही त्याच रोगानें जात, याची नोंद सेमेलवाइसनें केलीच होती. नवजात बालकाचें शरीर संसर्गास विशेष बळी पडतें. नाळेची जागा ताजी, प्रतिकार कोंवळा. डॉक्टर अभय बंग व राणी बंग यांनीं १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यांत ‘सर्च’ या संस्थेच्या द्वारें काम आरंभिलें होतें. १९९५-९६ सालीं त्यांनीं एकूणचाळीस खेड्यांतील ७६३ नवजात बालकांची घरोघर जाऊन पाहणी केली. बहुतेक बाळंतपणें घरीं. निम्म्याहून अधिक बालकांना औषधोपचाराची गरज असलेला कांहीं ना कांहीं विकार. आणि प्रत्यक्ष डॉक्टरचा हात लागला तो शंभरांत तिघांसही नाहीं. मरणाच्या कारणांत जंतुसंसर्ग अग्रभागीं होता. इस्पितळ लांब होतें हें खरें. बाळंतिणीस व बाळास घराबाहेर न काढण्याची चाल होती, हेंही खरें. पण त्याहून मोठें कारण हें कीं, बाळ आजारी आहे हेंच कोणास ओळखूं येत नसे. मोठ्या माणसाप्रमाणें तें कण्हत नाहीं, तापानें फणफणतही नाहीं. तें फक्त दूध कमी ओढतें आणि निजून राहतें. आणि शहाण्या म्हाताऱ्या म्हणतात, बाळ किती शांत आहे.

बंग दांपत्यानें जें केलें तें आजही कोणास धाडसाचेंच वाटेल. प्रत्येक खेड्यांतून पांच ते दहा इयत्ता शिकलेली एकेक स्त्री निवडून, तिला आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केलें. ती बाळंतपणास हजर राही, पुढें अठ्ठावीस दिवसांपर्यंत ठराविक दिवशीं घरीं जाई, बाळाचें वजन करी, ऊब कशी राखावी तें आईस दाखवी, आणि कांहीं खुणा पाही. बाळाचें दूध ओढणें कमी झालें किंवा थांबलें का? रडणें क्षीण झालें का? हातपाय लुळे पडले का? उलट्या होतात वा पोट फुगलें आहे का? अंग गार लागतें का? श्वास घेतांना छाती आंत ओढली जाते का? नाळेशीं पू आहे का? यांपैकीं कोणत्याही दोन खुणा एकत्र दिसल्या कीं तो सेप्सिस समजावयाचा, आईबापांस इस्पितळांत जाण्याचा सल्ला द्यावयाचा, आणि ते जाऊं शकत नसतील तर त्यांच्या संमतीनें घरींच जेंटामायसिनचें इंजेक्शन व तोंडानें दुसरें एक औषध सुरूं करावयाचें. रक्ताची तपासणी नाहीं, यंत्र नाहीं, पदवी नाहीं.

शहरांतील पुष्कळ डॉक्टरांना हें पसंत पडणें कठीणच होतें. खेड्यांतल्या बाईच्या हातीं सुई द्यावयाची म्हणजे काय, ही शंका कांहीं अडाणीपणाची नव्हे. तिचें उत्तर आंकड्यांनींच द्यावयास हवें होतें, आणि तें मिळालें. या उपचारापूर्वीं त्या खेड्यांत सेप्सिस झालेल्या शंभर बालकांतून सोळा-सतरा दगावत. आरोग्यदूतांनीं उपचार केलेल्या बालकांत हें प्रमाण शंभरांत तिघांपर्यंतही राहिलें नाहीं. कामाच्या तिसऱ्या वर्षीं या खेड्यांत दर हजार जन्मांमागें नवजात बालकांचे मृत्यु २५.५ झाले, शेजारच्या, तुलनेसाठीं ठेवलेल्या खेड्यांत ते ५९.६ होते. आरंभीं दोहोंकडे ते साठाच्याच आसपास होते. १९९९ च्या डिसेंबरांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत ही हकीकत प्रसिद्ध झाली, आणि २०११ सालीं भारत सरकारनें आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांना घरीं भेट देण्याची योजना देशभर लागू केली. त्या योजनेंत आशांच्या हातीं इंजेक्शन दिलें नाहीं. पण खुणा ओळखण्याचें शिक्षण दिलें. आज रायगड जिल्ह्यांतील एखादी आशा बाळाचा काटा घेऊन बांधावरून चालत जाते, तेव्हां तिच्या पिशवींत गडचिरोलीचा हा अनुभव असतो.

या साऱ्या हकीकतींतील औषध जुनेंच होतें. नवें होतें तें ओळखणें. खुणा सुट्या न पाहतां एकत्र पाहावयाच्या, आणि दोन जमल्या कीं थांबावयाचें नाहीं. डोलवीच्या त्या शेतकऱ्याच्या घरीं पांच खुणा जमल्या होत्या.

मोठ्या माणसांत कोणत्या खुणा पाहाव्या, हें आतां सांगितलें पाहिजे. कोठें तरी संसर्ग आहे, किंवा असावा असा संशय आहे. आणि त्याच्या जोडीला माणूस गोंधळलेला आहे, बरळतो आहे किंवा जागा करूनही नीट जागा होत नाहीं. श्वास मिनिटाला बाविसांहून अधिक चालतो आहे. हुडहुडी भरते आहे, किंवा उलट अंग गारठून घामानें भिजलें आहे. दिवसभर लघवी नाहीं. हातापायांची कातडी गार, डागाळलेली आहे. सांवळ्या वर्णावर डाग सहज दिसत नाहींत, म्हणून ओंठ, जीभ, तळहात, तळपाय पाहावे. वेदना जखमेच्या मानानें फारच अधिक असणें हीही वाईट खूण. रोगी स्वतःच ‘असें मला कधींच झालें नव्हतें’ म्हणाला तर त्यास घाबरट म्हणूं नये. ताप नाहीं, याचा तर कांहींच भरंवसा नाहीं. वृद्धांत, नवजातांत आणि क्षीण झालेल्या माणसांत सेप्सिस पुष्कळदां तापावांचून येतो, आणि उतरलेला ताप हा हरलेल्या शरीराचाही असूं शकतो. मधुमेही, मूत्रपिंडाचे वा यकृताचे रोगी, कर्करोगावर उपचार घेणारे, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, एक वर्षाच्या आंतील मुलें व साठीपुढील माणसें, यांच्या बाबतींत संशयाची मर्यादा आणखी खालीं आणावी.

अशा वेळीं घरीं करण्याजोगें फारसें कांहीं नाहीं, आणि हें मान्य करणें शिकलेल्या घरांना फार जड जातें. कपाटांतल्या उरलेल्या गोळ्यांतून दोन देऊन सकाळपर्यंत वाट पाहणें हा तर सर्वांत वाईट मार्ग. त्यानें जंतु मरत नाहींत आणि तपासणींत सांपडतही नाहींत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा जें वाहन हातीं लागेल त्यानें पेणचें उपजिल्हा रुग्णालय वा अलिबागचें जिल्हा रुग्णालय गांठावें. दारांतच सांगावें कीं, जखम अमुक दिवशीं झाली, थंडी अमुक वेळीं वाजली, शेवटची लघवी अमुक वाजतां, मधुमेह आहे, औषधें हीं चालूं आहेत. आणि स्पष्ट विचारावें कीं, हा सेप्सिस तर नव्हे? असें विचारल्यानें डॉक्टरचा अपमान होतो अशी समजूत आहे. ती सोडून द्यावी. तेथें रक्ताचा नमुना घेऊन शिरेंतून प्रतिजैविक औषध देतात, सलाईननें वाहिन्या भरतात, प्राणवायु लावतात, रक्तदाब तरीही उचलला नाहीं तर तो वर आणणारें औषध चालूं करितात, आणि पू सांठला असेल तेथें चीर देऊन तो काढतात. हें शेवटचें काम राहून गेलें तर बाकीचें फारसें उपयोगी पडत नाहीं. रक्तदाब घसरलेल्या रोग्यांचा २००६ सालीं प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. पहिल्या सहा तासांत योग्य औषध मिळण्यास जितके तास उशीर, तितकी प्रत्येक तासामागें वांचण्याची आशा सरासरीनें शेंकडा ७.६ नीं कमी, असें त्यांत आढळलें. पेणेच्या रस्त्यावरील एखाद्या अडलेल्या फाटकापाशीं घालविलेल्या अर्ध्या तासाचा हिशेब यावरून करतां येतो. आणि घरांत ‘सकाळीं पाहूं’ म्हणून घालविलेल्या रात्रीचाही.

याचा अर्थ प्रत्येक तापाला प्रतिजैविक हवें, असा मात्र कोणी घेऊं नये. पडशाखोकल्याला उठल्यासुटल्या तीं औषधें खाण्यानें जंतु निर्ढावतात, आणि खऱ्या प्रसंगीं तेंच औषध निकामी ठरतें. आपल्या देशांत ही अवस्था पुष्कळ इस्पितळांत येऊन ठेपली आहे. म्हणून साधा आजार धीरानें काढावा, आणि वर सांगितलेल्या खुणा जमल्या कीं क्षणाचाही धीर धरूं नये. हें दोन्ही एकदम साधणें अवघड आहे, यांत संशय नाहीं.

२०१७ या एका वर्षांत जगांत सुमारें ४ कोटी ८९ लाख माणसांस सेप्सिस झाला आणि १ कोटि १० लाख माणसें त्यांत दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या वर्षींच्या दर पांच मृत्यूंतील जवळजवळ एक. इतकें असून हें नांव पुष्कळांच्या कानांवरूनही गेलेलें नसतें. वर्तमानपत्रांत ‘अल्पशा आजारानें’ असें छापून येतें. दाखल्यावर न्यूमोनिया किंवा मूत्रपिंड निकामी असें लिहिलेलें असतें. दोन्ही खरें असतें. परंतु मधला दुवा गळून पडतो, आणि पुढच्या घरास त्यावरून कांहीं शिकतां येत नाहीं.

जे वांचतात, त्यांच्याविषयीं तर फारच थोडें बोललें जातें. त्या शेतकऱ्यास त्या संध्याकाळींच अलिबागला हलविलें, पाय वेळेवर चिरला, औषध लागूं पडलें, तर तो दोन-तीन आठवड्यांनीं घरीं येतो. गांव म्हणतें, सुटला. पण जिन्याच्या चार पायऱ्यांवर त्यास धाप लागते, केस गळतात, झोंप मोडते, कालची गोष्ट आज आठवत नाहीं, आणि पुढच्या कांहीं महिन्यांत दुसरा संसर्ग होण्याचें भय राहतें. तो आळशी झाला, असें घरांतलीं माणसेंही म्हणूं लागतात. डॉक्टरनें आधींच सांगून ठेविलें असेल तर म्हणत नाहींत. भात कापणीला येतें तेव्हां तो बांधावर बसून राहतो. विळा हातीं धरण्याची ताकद परत यावयास पुढचा हंगाम उजाडावा लागतो.